फ्रीजचं कुलूप

“तुला कोथिंबीर न्हाई.”

पुढं केलेली पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. तालुक्याचा आठवडी बाजार, ऊन डोक्यावर आलेलं, आणि पोत्यावर जुड्या मांडून बसलेली ती म्हातारी माझ्याकडं असं बघत होती, जसं काही मी तिच्या दारातली कोंबडी उचलली होती.

“का ओ मावशी? येवढा ढीग पडलाय की.”

“पडू दे. वाळली तर शेरडाला घालीन, पण तुला द्यायची न्हाई. त्या गरीब लेकराला उपाशी ठिवून फ्रीजला कुलूप घालतीस व्हय गं? आणि वर कपाळाला येवढं कुकू लावून बाजार करत फिरतीस?”

शेजारची वांगीवाली उठून उभी राहिली. “आगं बया, भागूबाई! हीच की गं ती!” बघता बघता बायका जमल्या. एकीनं सुनेचा छळ थांबव म्हणून मला हात जोडले. दुसरीनं दंडाला चिमटा काढून बघितला, मी खरी आहे का म्हणून. तिसरीनं माझ्याबरोबर फोटो काढून घेतला, आणि फोटो नीट आलाय हे बघून झाल्यावर मला म्हणाली, “तुझं वाटोळं हुईल.”

मी कोथिंबिरीवाचून घरी आले, आणि रस्ताभर गालातल्या गालात हसत होते. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. तेव्हा मी, मालन मगदूम, वारणेकाठच्या लहानशा गावात ब्लाउज शिवणारी बाई, सगळ्या जिल्ह्यात सुनेला छळणारी सासू म्हणून गाजत होते. गंमत म्हणजे मला सूनच नव्हती. मुलाचं लग्न जमत नव्हतं, आणि ते का जमत नव्हतं हे मला अजून कळायचं होतं.

ह्याचं सगळं खापर माझ्या पुतण्यावर, धनाजीवर फोडायचं. माझी धाकटी जाऊ शोभा, तिचा हा मुलगा. लग्नाचे फोटो काढायचा आणि उरलेल्या वेळात गाण्यांचे व्हिडिओ करायचा. उसाच्या बांधावर काळा गॉगल लावलेला हिरो, कोल्हापूरहून आणलेली हिरॉईन, वर भिरभिरणारा ड्रोन. सगळं झकास असायचं, फक्त बघायला कोणी नसायचं. “काकी, लोकांचा अंगठा लई वाईट,” तो कपाळाला हात लावून सांगायचा, “गाणं सुरू व्हायच्या आत वर सरकतोय.”

एका उन्हाळ्यात त्यानं आमची गच्ची मागितली. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या, त्या सोडून नाचा असं मी बजावलं होतं. पण ती हिरॉईन उंच टाचांचे सँडल घालून गिरकी घेत घेत नेमकी कुरडयांतच घुसली. कुडूम कुडूम ऐकून मी जिना चढून वर गेले आणि माझं तोंड सुटलं.

“पाय हैत का नांगराचा फाळ गं? आईनं नाचायला शिकवलं, बघून चालायला शिकवायचं राहिलं व्हय? दोन दिस उपाशी ठिवली की बरोबर खाली बघून चालशील!”

पोरगी रडायला लागली. मग मलाच कसंसं झालं. तिला खाली नेलं, सरबत दिलं, आणि जाताना मूठभर न मोडलेल्या कुरडया बांधून दिल्या.

धनाजीनं कॅमेरा बंद केलाच नव्हता. त्यानं माझा आरडाओरडा गाण्याच्या आधी लावून टाकला, आणि लोकांचा अंगठा जागच्या जागी थांबला. माझं भांडण माणसं परत परत बघायची; पुढं गाणंही आहे ह्याचा कोणाला पत्ताच नव्हता. खाली बायकांनी काय काय लिहिलं होतं. ‘ही तर माझी सासू, हिला व्हिडिओत कुणी घेतलं?’ ‘शेवटचं वाक्य आमच्या घरातलं आहे.’ धनाजी पळत आला. “काकी, गाणी गेली खड्ड्यात. आता शॉर्ट फिल्म करायच्या. तू सासू, नाव भागूबाई. आणि कुरडया मोडल्याली ती पोरगी तुझी सून.”

“मला पाठांतर जमायचं न्हाई बाबा.”

“पाठ करायचंच न्हाई. मी कॅमेरा लावतो, तू तोंडाला येईल ते बोल.”

आणि नवल असं, की तोंडाला यायचं. कॅमेरा लागला की माझ्या जिभेवर वाक्यं तयारच असायची. दूध उतू गेलं, चपाती करपली, सून माहेरच्या फोनवर हसली, कशालाही. आमचंच घर, आमचाच ओटा, माझाच फ्रीज. एका भागात भागूबाई फ्रीजला कुलूप घालते असं होतं, म्हणून धनाजीनं माझ्या चांगल्या फ्रीजला भोकं पाडून कडी-कोयंडा बसवला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. नंतर काढतो म्हणाला, तो काही त्यानं काढला नाही, आणि पुढं मलाही त्याची इतकी सवय झाली की कोयंड्याला मी हात पुसायचं फडकं अडकवायला लागले.

एकच गोष्ट मला खटकायची. शूटिंग चालू असताना शोभा दाराशी उभी असायची, आणि मी रंगात आले की ती पदर तोंडाला लावून बाहेर निघून जायची. हसू आवरत नसेल, असं मी धरून चालले.

सुहासची, म्हणजे माझ्या मुलाची, स्थळं एकामागून एक फिरत होती. पोरगा दूध संघात नोकरीला, निर्व्यसनी, दिसायला बरा. मुलीकडचे आनंदानं हो म्हणायचे, आणि पुढच्या आठवड्यात पत्रिका जुळत नाही असं कळवायचे. ज्यांना आम्ही पत्रिका दिलीच नव्हती त्यांचीही जुळत नव्हती. शेवटी एका मध्यस्थानं चहाचा कप खाली ठेवला आणि भीत भीत सांगितलं, “वहिनी, पोरात काय खोट न्हाई. पण भागूबाईच्या घरात लेक द्यायची कशी, असं लोक म्हणत्यात.”

मी मोठ्यानं हसले. “आवो, ते नाटक हाय!”

“ते मला कळतंय. त्यास्नी बी कळतंय. तरी पण नको म्हणत्यात.”

बाजारात आलेलं हसू त्या दिवशी माझ्या तोंडावरून उतरलं. मी भागूबाई सोडते म्हणाले, तर सुहासच म्हणाला, “कशाला? तुला आवडतंय न्हवं?” असा पोरगा. आणि नेमकं त्याच वेळी त्याचं मन एका ठिकाणी जडलं. शिराळ्याकडची स्वरूपा चौगुले, शाळेत शिक्षिका. आपल्या वर्गातली पोरं घेऊन दूध संघ बघायला आली होती. दुधातलं फॅट कसं काढतात ते सुहासनं सांगितलं, आणि पोरं बाहेर खेळायला गेली तरी ही परत परत तेच विचारत राहिली. इतके दिवस मुली बघताना फोनमध्ये डोकं घालून बसणारा माझा मुलगा घरात शीळ घालायला लागला. मला काय ते कळलं. हे स्थळ गेलं तर हा दुसरीकडं हो म्हणणार नाही, हेही कळलं.

चौगुले घर बघायला येणार म्हणून निरोप आला, आणि सुहास माझ्यासमोर येऊन नुसताच उभा राहिला.

“बोल की.”

“आई, एकच दिवस. तू बोलू नको. तोंड उघडलंस की संपलं.”

“म्हणजे मी मुकी व्हायचं?”

“दाढ दुखतीया म्हणायचं. गालावरनं फडकं बांध. निम्मं तोंड झाकतंय.”

“आणि तुझी आई म्हणून कोण बसणार?”

त्यानं शोभाकडं बघितलं. शोभा फरशीकडं बघत होती. मला वाईट वाटलं, ते काही लपवत नाही. पोरानं स्वतःच्या घरात मला काकू केलं. पण त्याचे डोळे बघितले आणि मी कपाटातून फडकं काढलं.

चौगुले आले तो रविवार मला अजून डोळ्यापुढं दिसतो. मुलीचे वडील बाळासाहेब, मामा, आणि मुलीची आजी, अनुसयाबाई. आजी ठेंगणी, नऊवारी नेसलेली, नजर अशी की घरात आल्या आल्या कोपऱ्यातलं जळमट आधी दिसावं. मी फडकं बांधून आत-बाहेर करत होते. शोभा नवी साडी नेसून आईच्या जागी बसली होती आणि प्रत्येक प्रश्नाला “व्हय व्हय” म्हणत होती.

“मुलाचा जन्म कुठला?” मामांनी विचारलं.

“व्हय व्हय,” शोभा म्हणाली.

मी फडक्याच्या आतून दात खाल्ले. तेवढ्यात पोहे आले, शेतीच्या गप्पा निघाल्या, आमच्या ह्यांनी नदीच्या पाण्याचा विषय काढला आणि बाळासाहेब खुलले. सुहासनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. जमत आलं होतं.

“जरा पाणी घिती गार,” आजी उठल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. आजी फ्रीजपाशी पोचल्या आणि थबकल्या. कोयंड्यावरचं फडकं त्यांनी दोन बोटांत धरून उचललं.

“ह्या फ्रीजला मी वळखते.”

आम्ही माणसं लपवली होती. घर लपवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

आजी सावकाश गोल फिरल्या. “हाच त्यो वटा. हितं दूध सांडलं म्हणून पोरीला उभी केल्याली. आणि ह्या खिडकीतनं ती आईला हाका मारत हुती.” मग त्या माझ्यासमोर आल्या आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, “फडकं सोड.”

मी सोडलं. तोवर सगळे दारात जमले होते.

“दाढ दुखत नाही माझी,” मी म्हणाले. “सुहासची आई मीच. आणि भागूबाई पण मीच.”

बाळासाहेब रागावले नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. “पाव्हनं, पोरगं आवडलं हुतं. घर आवडलं हुतं. तुमी नाटक करता, त्याचं बी मला काय न्हाई. पण पैल्याच दिशी आई कोण हे सुदिक खरं सांगता येईना झालं तुमाला?” जाताना आजी कोयंड्यावरून नुसतं बोट फिरवून गेल्या.

ते गेल्यावर सुहासनं पान्हा आणला, कडी-कोयंडा काढला आणि अंगणात फेकून दिला. फ्रीजच्या दारावर मात्र भोकं राहिली.

दुसऱ्या दिवशी मी धनाजीला बोलावलं. “सुधारव मला.”

“म्हणजे?”

“भागूबाईला सुधारव. कुलूप फोडू दे, सुनेला हातानं शिरा भरवू दे. चौगुल्यांच्या घरी बघत्यात न्हवं? बघू देत.”

धनाजीचा चेहरा पडला. “काकी, चांगल्या सासूला कोण बघणार?”

“मला लोक नकोत. मला सून पाहिजे.”

त्यानं मन मारून तो भाग केला. अंगणातला कोयंडा शूटिंगपुरता परत अडकवून मी दगडानं कुलूप फोडलं, सुनेच्या गळ्यात पडून रडले, शिरा भरवला. तूपही सढळ घातलं. ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं पहिल्या दिवशी बायकांनी लिहिलं, आणि त्यानंतर त्या फिरकल्याच नाहीत. पुढच्या भागात मी आणि सून मिळून वाती वळत होतो. तो आमच्या घरच्यांनीसुद्धा शेवटपर्यंत बघितला नाही. बाजारात गेले तर त्या कोथिंबीरवाल्या म्हातारीनं चांगली जाडजूड जुडी पिशवीत घातली, “असू दे, असू दे,” म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. ना चिमटा, ना फोटो. मी कोथिंबीर घेऊन घरी आले आणि इतकं उदास वाटलं म्हणून सांगू.

शिराळ्याकडून निरोप नाहीच. सुहासची शीळ बंद झालेली. मी मशीनवर बसून दुसऱ्यांच्या सुनांचे लग्नातले ब्लाउज शिवत होते.

आणि एक दिवस सकाळी दारात स्कूटी येऊन थांबली. चालवणारी चुडीदार घातलेली मुलगी, आणि मागं, दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून, नऊवारीचा काष्टा सावरत, अनुसयाबाई. उतरल्या त्या तडक आत आल्या. शोभा माझ्याकडं काजं-बटणं करायला बसली होती, ती घाबरून उभी राहिली.

“भागूबाई कुठाय?”

“मी आहे की आजी. बसा.”

“बसाय आली न्हाई मी. आधी सांग, तू सुधारलीस कशापायी?”

“तुमच्यासाठीच की. तुम्हाला आवडावं म्हणून.”

“मी सांगितलं हुतं?” आजींचा आवाज चढला. “शिरा भरवतीया! वाती वळतीया! कोण सासू वाती वळती गं सुनंबरोबर? आमच्या घराचा पार इस्कोट केलास तू.”

मागं उभी असलेली मुलगी हसू दाबत होती. “आजी, नीट सांग की त्यांना.”

आजी मग बसल्या. पाणी प्यायल्या. आणि एकदम त्यांचा आवाज खाली आला.

“हिची आई, सुनीता, माझी सून. लग्न होऊन आली तवापासनं आमच्या दोघीत कामापुरतं बोलणं. मीठ दे, दार लाव, येवढंच. तुझा त्यो पैला भाग ही पोरगी घिऊन आली, कुरडयांचा. मी बघितला. तू म्हणालीस, दोन दिस उपाशी ठिवली की खाली बघून चालशील. सुनीता दाराआड उभी हुती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं.”

“मग?”

“मग काय. ते माझंच वाक्य हुतं. हीच कुरडयांची गोष्ट, हेच बोलणं, तिला नव्या नवरीला. सून माझी, आणि माझं बोलणं तुझ्या तोंडात! आणि सुनीता हसली, बाई. इतक्या वर्सांत पैल्यांदा माझ्यासमोर हसली. मग मला बी हसू आलं.” आजींनी पदरानं डोळे पुसले. “तवापासनं सांजची जेवणं झाली की दोघी एका सतरंजीवर बसून तुला बघायचो. ती तुला शिव्या घालायची. मला ठाव हुतं त्या कुणाला हैत. मी बी तिच्यासंगं घालायची. मन मोकळं व्हायचं बघ दोघींचं. आणि तू सुधारलीस! आता काय बघायचं आमी? परत मीठ दे, दार लाव सुरू झालंय घरात.”

माझे ते घाणेरडे टोमणे दूर कुठल्या तरी घरात सासू-सुनेला एका सतरंजीवर बसवत होते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“एक सांग,” आजींनी माझ्याकडं रोखून बघितलं. “ही बोलणी तुला लिवून कोण देतंय?”

“कोण न्हाई.”

“मग येवढं बारीक-बारीक तुला ठाव कसं? का सवय हाय? खरं सांग. माझ्या नातीचा प्रश्न हाय.”

मी मशीनवरचा ब्लाउज उगाच सरळ केला. आणि माझ्यामागून शोभाचा आवाज आला. त्या रविवारी ‘व्हय व्हय’ शिवाय काही न बोललेली शोभा.

“आमच्या सासूबाईंची हैत ती बोलणी.”

“शोभा, गप.”

“का गप? ही आमची आक्का ह्या घरात आधी आली. तवा फ्रीज नव्हता, जाळीचं कपाट हुतं. त्याला कुलूप असायचं आणि किल्ली सासूबाईंच्या कमरंला. आक्का उपाशी झोपलीया ती मी माझ्या डोळ्यांनी बघितलीया. मी आले तवा ते सगळं माझ्या वाट्याला यायचं हुतं. पण आक्का मधी उभी राहायची. दूध माझ्या हातनं सांडायचं आणि आक्का म्हणायची, माझ्या हातनं सांडलं.” शोभा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “शूटिंगला ती बोलायला लागली की मला तिथं उभं राहवत न्हाई आजी. आमची म्हातारी परत उठून आल्यागत वाटतं.”

म्हणजे ती हसत नव्हती. इतके महिने मी आपली समजत होते.

आजी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. “सुधारायची काय गरज न्हाई तुला,” त्या म्हणाल्या. “व्हिडिओत तर अजिबात न्हाई. बाळासाहेबाचं मी बघून घिती. फडकं बांधायची अक्कल कुणाची?”

“माझी,” दारातून सुहास म्हणाला. तो कधी आला होता देव जाणे. कामावर जायचं सोडून स्कूटी बघून उलटा फिरला होता.

“गाढव हैस,” आजी म्हणाल्या, पण मायेनं.

तेव्हा स्वरूपा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “काकू, हा तुमचाच मुलगा, हे मला तर दूध संघातच कळलं होतं.”

“ह्यानं सांगितलं?”

“नाही. नाक तुमचंच आहे ना.”

सुहास नाकावर हात ठेवून उभा राहिला, आणि आम्ही बायका पोट धरून हसलो.

त्या आठवड्यात भागूबाई पुन्हा बिघडली. शिऱ्याच्या वाटीत मीठ घालून सुनेला दिली आणि गावोगावच्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘वाटलंच होतं!’ असं किती जणींनी लिहिलं. कोथिंबीरवाल्या म्हातारीनं मला लांबूनच हाकललं. मी तिला हसून नमस्कार केला, तर ती आणखीच भडकली.

बाळासाहेबांना यायला थोडे दिवस लागले, पण आले. मी फडक्याशिवाय दारात उभी राहिले आणि माफी मागितली. ते म्हणाले, “आमची म्हातारी आणि मंडळी दोघी एका बाजूला झाल्या. असं आमच्या घरात कधी झालं न्हवतं. मग मी काय बोलणार?”

लग्न उन्हाळ्यात झालं. मुलीकडच्यांनी रुखवत मांडलं होतं. लाडू, करंज्या, चकल्यांचा डोंगर, भरतकाम केलेले रुमाल, आणि मधोमध मोत्यांच्या तोरणात सजवलेलं एक ताट. लोक त्या ताटापाशी वाकून बघायचे आणि हसत सुटायचे. मी जाऊन बघितलं. ताटात एक पितळी कुलूप होतं, चकचकीत, हळदी-कुंकू वाहिलेलं. शेजारी फुलांत नवा कोरा कडी-कोयंडा. आजी आणि सुनीताबाई एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.

“इहीणबाई,” सुनीताबाई कशाबशा म्हणाल्या, “आमच्या लेकीला नीट छळा हां.”

माप ओलांडून स्वरूपा घरात आली. धनाजी कॅमेरा आणि पान्हा दोन्ही घेऊन तयारच होता. त्यानं त्याच जुन्या भोकांत कोयंडा बसवला, मी सगळ्यांदेखत कुलूप अडकवलं, दाबलं, आणि मग माझ्या लक्षात आलं.

“अगं, ह्याची किल्ली कुठाय? आत दही आहे.”

स्वरूपानं शालूच्या पदराची गाठ सोडून मला दाखवली. किल्ली तिथं बांधलेली होती.

“आजीनं सांगितलंय,” ती म्हणाली. “कुलूप सासूला द्यायचं. किल्ली आपल्याकडं ठेवायची.”

मला तिथंच, नव्या सुनेसमोर, रडू फुटलं. जाळीच्या कपाटापुढं उपाशी उभी राहिलेली मी मला आठवले, आणि शोभानं मागून माझा हात घट्ट धरला. लोकांना वाटलं, भागूबाई नाटक करतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा फ्रीज एरवी उघडाच असतो. कुलूप लागतं ते शूटिंगच्या दिवशी. शूटिंग संपल्यावर मला चहाला दूध हवं असलं की मी स्वरूपाकडं जाते आणि किल्ली मागते. ती आधी माझं त्या दिवसाचं वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावते, आणि पोटभर हसून झाल्याशिवाय किल्ली काही देत नाही.